नजरेआड केलेला रिपोर्ट बंद झाला का?

प्रश्न : रायपूरच्या सदर बाजारात आमची वडिलोपार्जित सराफी पेढी आहे, आता पंडरीला दुसरं दुकान काढलंय. हिशेब टॅलीत असतो. पुतण्याने त्यावरून पॉवर बीआयचा डॅशबोर्ड करून दिला आहे. पण विक्री, नफा, गिऱ्हाइकांची नावं असं सगळं दोन्ही मॅनेजरांना आणि काउंटरवरच्या मुलांनाही मोबाइलवर दिसतं. पुतण्या म्हणतो, नको ती पानं लपवून टाकतो. तेवढ्याने भागेल का?
– एक वाचक, सदर बाजार, रायपूर

उत्तर : नाही भागणार. पान लपवलं की ते नजरेआड होतं, पण त्यामागच्या नोंदी जागच्या जागी राहतात. ज्याला त्या नोंदींपर्यंत पोचता येतं, त्याला दुसऱ्या वाटेने त्या वाचताही येतात.

याचं सगळ्यांत रोजचं उदाहरण एक्सेलचं. वर्षाच्या विक्रीवरून पिव्होट टेबल केलं, मूळ शीट काढून टाकली आणि फक्त बेरजांची फाइल मॅनेजरला पाठवली. आपल्याला वाटतं, बेरजाच गेल्या. पण पिव्होटच्या पोटात मूळ नोंदींची प्रत राहिलेली असते. मुद्दाम काढली नसेल, तर एकूण आकड्यावर दोनदा क्लिक केलं की त्यामागची एकेक पावती नव्या शीटवर उघडते. कुठल्या घरी लग्नासाठी किती तोळे गेले, कुणी काय मोडलं, सगळं. सराफी धंद्यात मला नफ्याच्या आकड्यापेक्षा याची काळजी जास्त वाटते. नफा कळला तर नुकसान तुमचं होतं, पण कुणाच्या घरी किती सोनं आहे याची यादी फुटली तर धोका त्या घराला असतो. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन घ्यावा लागतो, म्हणजे नावाला मोबाइल आणि पॅनही जोडलेला असतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अशी माहिती नीट सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो. सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे.

आता तुमच्या दोन सॉफ्टवेअरांचं. टॅलीप्राइममध्ये कंपनीच्या माहितीवर वापरकर्त्यांचं नियंत्रण सुरू करण्याचा पर्याय असतो. तो चालू केल्याशिवाय कंपनी उघडणारा प्रत्येक जण मालकच असतो. तो चालू करा, आधी भूमिका ठरवा आणि मग माणसांना त्या भूमिकांत बसवा. मुनीम, काउंटर, मॅनेजर, सीए अशा चार भूमिका तुमच्या पेढीला पुरतील. हक्क माणसाला न देता कामाला द्यायचे, ही पद्धत अमेरिकेत डेव्हिड फेरायोलो आणि रिक कुन यांनी 1992 साली रीतसर मांडली. तिचा फायदा माणूस बदलतो तेव्हा कळतो. नवा मॅनेजर आला की त्याला भूमिकेत बसवलं आणि जुना गेला की काढलं, एवढंच करावं लागतं. मुनिमाच्या भूमिकेत मागच्या तारखेची नोंद किती दिवसांपर्यंत चालेल, हेही टॅलीत ठरवता येतं. कीर्द रोजच्या रोज पुरी व्हावी असं वाटणाऱ्या पेढीला ते फार उपयोगाचं आहे. शिवाय टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावला की अख्खा डेटा कुलूपबंद होतो. तो पासवर्ड मात्र टॅली बनवणारी कंपनीसुद्धा परत काढून देऊ शकत नाही, म्हणून लिहून तिजोरीत ठेवा.

खरी मेख पुढे आहे. टॅलीत घातलेली बंधनं टॅलीच्या आतच चालतात. डेटा बाहेर काढून पॉवर बीआयमध्ये नेला की ती सोबत जात नाहीत, तिथे नव्याने घालावी लागतात. तिथल्या सोयीचं नाव रो-लेव्हल सिक्युरिटी. पंडरीच्या मॅनेजरला फक्त पंडरीच्या ओळी, असा नियम खुद्द डेटावर लावायचा. पुतण्याला दोन गोष्टी जरूर विचारा. पहिली, मॅनेजरांना वर्कस्पेसमध्ये कोणती भूमिका दिली आहे? हा नियम फक्त ‘व्ह्यूअर’ला लागू होतो. ॲडमिन, मेंबर किंवा काँट्रिब्यूटर केलेलं असेल तर नियम लिहूनही सगळं दिसत राहतं. कौतुकाने ‘मेंबर’ केलं जातं आणि भोक तिथेच पडतं. दुसरी, दोन्ही दुकानांची बेरीज वेगळ्या तक्त्यात तयार करून ठेवली आहे का? तिच्यावर नियम नसेल तर पंडरीचा मॅनेजर त्यातून आपला आकडा वजा करेल आणि सदर बाजारचा हातात येईल. दुकानं दोनच असली की बेरीज म्हणजे उघडं गुपित.

हा नियम ओळी रोखतो, रकाने रोखत नाही. काउंटरवरच्या मुलाला आजचा भाव, वजन, घडणावळ आणि दागिन्याचा एचयूआयडी एवढं लागतं. खरेदीभाव आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल त्याच्या कामाचे नाहीत. त्यासाठी काउंटरचा रिपोर्ट वेगळ्या डेटावर बांधा, ज्यात हे रकाने घेतलेलेच नसतील. लपवण्यापेक्षा न देणं केव्हाही बरं. जेरोम सॉल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 मध्ये संगणकाच्या सुरक्षेचा जो मोठा निबंध लिहिला, त्यातही कामापुरताच हक्क द्यावा हे तत्त्व आहे.

एक्सेलमध्ये उतरवण्याची मुभा कुणाला, हे वेगळं ठरवा. एकदा फाइल व्हॉट्सॲपवर गेली की कुठलाही नियम तिच्या मागे धावत नाही.

सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड असेल तर तो आजच बंद करा. कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना 1 एप्रिल 2023 पासून कोणत्या नोंदीत कधी, काय बदललं याची छाप ठेवणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. तुमची पेढी मालकीची किंवा भागीदारीची असेल तर ती सक्ती नाही, तरीही टॅलीची एडिट लॉग असलेली आवृत्ती घ्या. मात्र पाच जण एकाच नावाने आत येत असतील तर ती छाप कुणाची, हे कळणार नाही, आणि एखाद्या दिवशी निर्दोष मुनिमावर संशय जाईल.

हे सगळं झाल्यावर पुतण्याच्या शब्दावर थांबू नका. पंडरीच्या मॅनेजरला शेजारी बसवा, त्याच्याच मोबाइलवर त्याच्याच नावाने डॅशबोर्ड उघडायला सांगा. सदर बाजारची विक्री शोधून पाहा, बेरजांवर क्लिक करून पाहा, एक्सेल उतरतं का पाहा. काउंटरच्या लॉगिननेही तेच करा, आणि दर वेळी नवा रिपोर्ट जोडला की पुन्हा करा.