माँ ब्लाँच्या पायथ्याचे दोन पुतळे

आल्प्स पर्वताचें नांव आपण भूगोलांत वाचलेंच आहे. त्याचें सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ, म्हणजे शुभ्र पर्वत, हें फ्रान्स व इटली यांच्या सीमेवर आहे. त्याची उंची सुमारें ४,८०८ मीटर आहे. तेथें पडणारें हिम वर्षानुवर्षें दबून त्याचा घट्ट बर्फ होतो व तो आपल्याच भारानें हळूहळू खालीं सरकतो. यासच हिमनदी म्हणतात. सरकतांना तींत खोल भेगा पडतात आणि ताज्या हिमानें त्यांचीं तोंडें झांकून जातात. पायांखालीं आधार आहे कीं पोकळी, हें वाटसरूस कळत नाहीं.

इ. स. १७६० सालीं जिनीव्हाचा तरुण शास्त्रज्ञ सोस्यूर यानें शिखराची वाट शोधणारास बक्षीस देऊं केलें. सव्वीस वर्षें कोणासहि यश आलें नाहीं. अखेर ता. ८ ऑगस्ट १७८६ रोजीं सायंकाळीं शामोनी गांवचा डॉक्टर पाकार आणि स्फटिक शोधून पोट भरणारा बाल्मा हे दोघे शिखरावर पोंचले. त्यांच्यापाशीं दोर नव्हता; हातांत लांब काठ्या मात्र होत्या. पाकारनें हवेचा दाब मोजण्याचें यंत्रहि वर नेलें होतें. दुसऱ्या वर्षीं सोस्यूर स्वतः अठरा वाटाडे घेऊन वर गेला व त्यानें तेथें अनेक शास्त्रीय प्रयोग केले.

बक्षीस बाल्मास मिळालें. पुढें बूरी नांवाच्या लेखकानें, ज्यास स्वतःस तें शिखर साधलें नव्हतें, पाकारचा वांटा कमी करून लिहिलें. १८३२ सालीं वृद्ध बाल्मानें कादंबरीकार द्यूमा यास जी हकीकत सांगितली, तींत तर डॉक्टर केवळ ओझें ठरला! १८८७ सालीं शामोनींत पुतळा उभारला, तो सोस्यूर व बाल्मा यांचा. पाकारला त्यांत स्थान नव्हतें.

परंतु चढाईच्या दिवशीं गेर्सडॉर्फ नांवाचा एक प्रवासी दुर्बिणींतून त्या दोघांस पाहत होता आणि त्यानें पाहिलेलें सर्व टिपून ठेविलें होतें. हीं टिपणें पुढें प्रकाशांत आलीं व पाकारचा मान त्यास परत मिळाला. १९८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनीं, त्याचाहि पुतळा शामोनींत उभा राहिला.

मुलांनो, शिखर दोघांनीं दोन दिवसांत गांठलें; पण सत्यास तेथवर पोंचण्यास दोन शतकें लागलीं. आपल्या यशाची हकीकत घरीं सांगतांना सोबत्याचें नांव गाळूं नका. आणि पालकांनींहि बक्षीस पाहून संतोष मानल्यावर एवढें अवश्य विचारावें, "बाळ, तुझ्याबरोबर कोण होतें?"