वाशीचं मार्केट आणि चिमटलेला पाइप

पाचगणीत माझं गॅरेज आहे. सोळा वर्षांपूर्वी, स्ट्रॉबेरीच्या ऐन हंगामात, भिलारकडून माल भरून आलेला एक टेम्पो दारात उभा राहिला. मागच्या डाव्या चाकातून ब्रेकचं तेल गळत होतं. ड्रम उघडला तर व्हील सिलिंडरचे रबर कप फाटलेले आणि लायनर तेलानं माखलेले. सिलिंडर माझ्याकडे नव्हता, तो वाईहून आणावा लागणार होता. म्हणजे किमान तीन तास.

मालक फोनवर होते. "तीन तासांत मालाचं पाणी होईल. वाशीला पहाटेच्या आत पोचायचंय. ते चाक बंद करून टाक, बाकीची तीन आहेत की."

चाक बंद करणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको. त्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप पकडीनं चिमटायचा, दुमडायचा आणि पुन्हा चिमटायचा. मी मालकांना म्हटलं, "साहेब, खाली पसरणीचा घाट आहे." ते म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर कर." मी केलं. दीडशे रुपये घेतले.

घाट बारा-तेरा किलोमीटरचा. अर्ध्यात पाइपला दुमडलेल्या जागी चीर गेली आणि मागचं सगळं तेल निघून गेलं. पुढच्या दोन चाकांवर भरलेला टेम्पो किती वेळ धरणार? ड्रायव्हर हुशार, त्यानं गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या अंगाला घातली. क्लीनर पोराचा पाय मांडीतून मोडला. क्रेट रस्ताभर.

त्या पोराला दवाखान्यात बघायला गेलो तेव्हा ड्रायव्हरनं एकच विचारलं, "वस्ताद, मला का नाही सांगितलं?"

खरंच नव्हतं सांगितलं. मालकाला माहीत होतं, मला माहीत होतं. जो माणूस स्टिअरिंगवर बसणार, तो तेवढ्या वेळात समोरच्या टपरीवर चहा पीत होता. मालकाची 'जबाबदारी' फोनवरची होती. पकड माझ्या हातात होती आणि पाय त्या पोराचा होता.

म्हणून नव्या पोरांना सांगतो, नकार द्यायचा तो पान्याला हात घालायच्या आधी. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं, गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं की तोंडातून 'नाही' निघत नाही. उघडून बघावंच लागलं तर आधीच बोलून ठेवा: बघतो, पण जुगाड करून सोडणार नाही. नुसता नकार देऊन हात झटकू नका. दुसरा टेम्पो बोलवून माल त्यात हलवायला सांगा, वाईला पार्टसाठी पोरगा पाठवा. माझ्या हिशेबानं निम्मी माणसं वाट दाखवली की ऐकतात. उरलेली पुढच्या गॅरेजात जातात. जाऊ देत. त्यांची चावी काढून घ्यायचा हक्क आपल्याला नाही, पण ड्रायव्हरला बाजूला घेऊन गळकं चाक दाखवायला कोणी अडवत नाही.

बिलावर 'गाडी घाटात नेण्यास योग्य नाही' असं लिहून सही घेत जा. मात्र ती सही ढाल समजू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० दोष माहीत असून गाडी चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला धरतं. आणि निष्काळजीपणानं कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. त्यात 'मेकॅनिक सोडून' असं कुठे लिहिलेलं नाही.

जुन्या ब्रेक तेलाबाबतही असाच नकार द्यायचा. डॉट ३ तेल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतलं पाणी पिऊन पिऊन तो आकडा १४० पर्यंत उतरू शकतो, आणि आमच्याकडचा पावसाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. घाटात तेल उकळलं की पाइपात वाफ होते, पेडल तळाला जातं. 'वरून थोडं तेल टाक, चालेल' म्हणणाऱ्याला मी हे सांगतो. वाढवलेले पाटे, गुळगुळीत टायर यांच्याबद्दल बोलायला बसलो तर रात्र होईल.

तुम्ही दुसऱ्याच्या गॅरेजात हेल्पर असाल आणि वस्तादच सांगत असेल तर? तिथे माझ्याकडे सोपं उत्तर नाही. नोकरी जाऊ शकते. निदान ते काम तुमच्या हातानं करू नका, आणि ड्रायव्हरच्या कानावर घाला.

गेल्या महिन्यात एका जीपच्या मालकानं असंच गळकं चाक बंद करून मागितलं. मी नाही म्हटलं. तो चिडून गाडीत बसला, तर ड्रायव्हर खाली उतरला. म्हणाला, "मालक, तुम्ही न्या. मी एसटीनं येतो." जीप तासभर दारातच उभी होती. मग मालकानं सिलिंडर कितीला पडेल ते विचारलं.