होडीची डिझेल टाकी : पत्रा, जागा आणि हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने होडीच्या डिझेल टाकीवर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु एखादी वस्तू कोणती घ्यावी, ती किती वर्षे टिकेल आणि तिच्यापायी दरवर्षी किती खर्च पडेल, हा प्रश्न मुळात आपल्याच शाखेचा आहे. धातूंचे ज्ञान तेवढे मला उसने घ्यावे लागले. ते मिळाले वडोदरा जिल्ह्यातील वाघोडिया येथे.

वाघोडियाला औद्योगिक वसाहत आहे. तेथे माझे काका पत्राकाम आणि वेल्डिंगच्या एका कारखान्यात फोरमन आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे राहिलो आणि कारखान्याच्या जमाखर्चाच्या वह्या लिहू लागलो. तेथे जनरेटरच्या डिझेल टाक्या बनतात. समुद्र तेथून दूर असला तरी टाकीचा विचार करायला ही जागा उत्तम आहे. वडोदऱ्याजवळ कोयली येथे १९६५ पासून तेलशुद्धीकरण कारखाना चालू आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीने (२००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली) या परिसरात प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचा धंदा रुजवला. त्यामुळे पोलाद, प्लॅस्टिक आणि डिझेल या तिन्हींची जाणकार माणसे एकाच चहाच्या टपरीवर भेटतात.

त्याच सुमारास मालवणहून मामांचा फोन आला. त्यांची मासेमारीची होडी आहे. गेल्या हंगामात समुद्र खवळला असता टाकीच्या तळाचा गाळ ढवळून वर आला, फिल्टर तुंबला आणि मशीन बंद पडले. दुसऱ्या होडीने ओढून आणले म्हणून सारे खलाशी सुखरूप घरी आले. टाकी काढून पाहिली तर ती जस्ती पत्र्याची निघाली. ज्या कारागिराने ती बसवली, त्याने “जस्ताला गंज चढत नाही” असे सांगितले होते. आता नवी टाकी कशाची करावी, असे मामा काकांना विचारत होते. शेवटी म्हणाले, “पत्रो खयचोय असांदे, पण भर समुद्रात मशीन बंद पडूक नको.” या एका वाक्यात सारा विषय आला आहे.

उभी टाकी आणि हलती टाकी

जनरेटरची टाकी जागेवर उभी असते, तर होडीची टाकी रात्रंदिवस डोलत असते. ५०० लिटर डिझेलचे वजन सुमारे ४१५ किलो भरते. हे वजन प्रत्येक लाटेबरोबर एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावते आणि सांध्यांवर आदळते. त्यासाठी टाकीच्या आत भोके पाडलेले आडपडदे घालतात. त्यांनी तेलाची धाव मंदावते. टाकी लांबीच्या दिशेने मधोमध पूर्ण बंद पडद्याने विभागली, तर हलत्या तेलामुळे होडीच्या तोलावर होणारा वाईट परिणाम एक चतुर्थांशावर येतो. कारण हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी निम्मी झाली की प्रत्येक भागाचा परिणाम एक अष्टमांश होतो, आणि असे भाग दोन.

दुसरा भेद पाण्याचा. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते. ते भरण्याच्या तोंडाच्या सैल झाकणातून येते, हवानळीतून येते, आणि रात्रीच्या गारव्यात रिकाम्या भागातील दमट हवेचे दव होऊनही जमते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर एक प्रकारची बुरशी वाढते. मामांच्या फिल्टरमध्ये सापडलेला काळसर, बुळबुळीत थर बहुधा हाच होता.

पत्र्यांची ओळख

जस्ती पत्रा पाण्यासाठी चांगला, डिझेलसाठी वाईट. डिझेलमधील सेंद्रिय आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखे क्षार तयार होतात आणि ते फिल्टर व इंजेक्टर तुंबवतात. तांबे आणि पितळही डिझेल लवकर खराब करतात; म्हणून टाकीच्या आत त्यांचा मोठा वापर टाळावा.

साधे पोलाद आतून फारसे गंजत नाही, कारण तेलच त्याला जपते. ते गंजते दोन ठिकाणी : आत तळाशी, जेथे पाणी साचते; आणि बाहेर माथ्यावर व पायाशी, जेथे डेकवरचे खारे पाणी ठिबकते. बाहेरून चांगला इपॉक्सी रंग द्यावा, आतून रंग देऊ नये. आतला रंग पुढे सुटून फिल्टरमध्येच येतो. गंजाला मराठीत गंज, गुजरातीत काट आणि आपल्या कन्नड विभागातील मित्रांच्या भाषेत तुक्कु म्हणतात. शब्द तीन, दुखणे एकच.

स्टेनलेस पोलादाविषयी फार गैरसमज आहेत. ते हवा लागते तोवर निर्मळ राहते. ओल्या लाकडाला किंवा पट्ट्याला चिकटून खारे पाणी अडकले आणि तेथे हवा पोचली नाही, की त्यात बारीक खोल छिद्रे पडतात. ३०४ पेक्षा ३१६ जातीचे पोलाद समुद्रावर अधिक टिकते, कारण त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते. वेल्डिंग करायचे तर कमी कार्बनची, ‘एल’ अक्षराची जात घ्यावी. नाहीतर सांध्याशेजारीच ते आधी खचते.

अ‍ॅल्युमिनियम हलके. समुद्रावर चालणाऱ्या त्याच्या जाती म्हणजे ५०५२ आणि ५०८३. तांब्यापितळेचा जोड त्याला थेट लावू नये आणि ते ओल्या लाकडावर टेकवू नये. खाऱ्या ओलीत दोन धातूंची गाठ पडली की अ‍ॅल्युमिनियम झिजते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच अशा ५०० लिटरच्या टाकीला चार चौरस मीटर पत्रा लागतो. आडपडदे सोडून ४ मिलिमीटर साध्या पोलादाचे वजन सुमारे १२६ किलो, ३ मिलिमीटर स्टेनलेसचे ९६ किलो आणि ५ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचे ५३ किलो होते.

इंधनासाठीच बनवलेली पॉलिथिलीनची टाकी मुळीच गंजत नाही. परंतु ती साच्यात घडते, आणि साच्याचा खर्च हा स्थिर खर्च आहे. हजार टाक्यांवर तो वाटला जातो; मामांच्या होडीच्या आकाराची एकच टाकी हवी असेल तर सारा त्या एकीवरच पडतो. शिवाय ती आगीत पोलादाइतकी तग धरत नाही. घरच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी मात्र डिझेलला कधीही वापरू नये. ती त्या कामासाठी घडवलेलीच नसते.

हिशेब काय सांगतो?

आता आपल्या शाखेकडे वळू. समजा, साधी टाकी ३०,००० रुपयांची असून ६ वर्षे टिकते आणि भारी टाकी ६०,००० रुपयांची असून १५ वर्षे टिकते. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) नुसता भागाकार केला तर साधीचा वार्षिक खर्च ५,००० आणि भारीचा ४,००० रुपये येतो. घाईने उत्तर द्यायचे तर भारी टाकी स्वस्त. पण गुंतलेल्या पैशाला व्याज असते. दरसाल १० टक्के व्याज धरून समान वार्षिक हप्ता काढला, तर साधीचा ६,८८८ आणि भारीचा ७,८८८ रुपये येतो. पारडे फिरले!

अजून एक रक्कम राहिली. मामांची टाकी डेकखाली होती. ती बदलायची तर फळ्या उचकटायच्या, मशीनचा काही भाग उतरवायचा आणि पुन्हा सारे बसवायचे. या मजुरीचे २०,००० रुपये दोन्हीकडे मिळवा. आता साधीचा हप्ता ११,४८० आणि भारीचा १०,५१८ रुपये होतो. पारडे पुन्हा फिरले.

या तीन आकडेमोडींतून मला एक गोष्ट उमगली. निकाल पत्र्याच्या भावावर लागत नाही. टाकीपर्यंत हात पोचवायला किती खर्च येतो, यावर तो लागतो. टाकी अडगळीत गाडायची असेल तर भारीतला भारी धातू घ्या. ती सहज काढता-घालता येत असेल तर साधे पोलादही परवडते. म्हणून धातू निवडण्याआधी जागा निवडावी. काका हेच आपल्या भाषेत सांगतात : “ज्या टाकीचा तळ दिसत नाही, ती टाकी आपली नव्हे.” शिवाय हंगामात बुडालेला एक दिवस आणि भर समुद्रात बंद पडलेले मशीन यांची किंमत तर कोणत्याच हप्त्यात धरलेली नाही.

निगा कशी राखावी?

टाकी तळाशी किंचित उतरती असावी आणि सर्वांत खोल जागी पाणी काढण्याची तोटी असावी. मशीनला तेल नेणारी नळी तळापासून थोडी वर ठेवावी. माथ्यावर हात जाईल एवढे झाकण असावे. टाकी पट्ट्यांवर उचलून बसवावी, म्हणजे खालून वारा खेळतो. टाकी आणि मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा पारदर्शक भांड्याचा फिल्टर हवा. त्यात रोज सकाळी डोकावण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

गळती तपासताना हवेचा दाब फार कमी ठेवावा. दर चौरस सेंटिमीटरला ०.२ किलो पुरे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. हा दाब क्षुल्लक वाटतो, पण एक चौरस मीटरच्या माथ्यावर तो एकूण २,००० किलो होतो! टायरची हवा भरतात तशी हवा भरली तर टाकी फुटून माणूस दगावेल. आणि जुनी टाकी रिकामी आहे म्हणून तिच्यावर वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नये. आत राहिलेली वाफ हवेत मिसळून स्फोट होतो. या बाबतीत रिकामी टाकी भरलेलीपेक्षा अधिक घातक असते. हे काम जाणत्या कारखान्यातच, टाकी धुऊन, वाफ घालवूनच व्हावे.

बंदीचे दोन महिने

महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. नेमक्या याच दमट दिवसांत टाकी अर्धी रिकामी राहिली तर आत दव धरते. उपाय असा : आधी तळाचे पाणी काढावे, मग प्रसरणापुरती पाच टक्के जागा सोडून टाकी भरावी. ५०० लिटरच्या टाकीत ४७५ लिटर डिझेल मावेल. लिटरला ९० रुपये धरले तर ४२,७५० रुपये अडकतील आणि १२ टक्क्यांनी दोन महिन्यांचे व्याज ८५५ रुपये होईल. हा टाकीचा पावसाळी विमाच समजावा. तेवढे पैसे हाताशी नसतील, तर दुसरा मार्ग म्हणजे टाकी पूर्ण रिकामी करून, आतून पुसून, कोरडी ठेवणे. अर्धवट भरलेली टाकी मात्र दोन्ही बाजूंनी तोट्याची.

मामांनी अखेर डेकखालची जागा सोडली. मशीनच्या दोन्ही अंगांना, हात जाईल अशा जागी साध्या पोलादाच्या अडीचशे लिटरच्या दोन टाक्या बसवल्या आणि प्रत्येकीला वेगळी तोटी ठेवली. पत्रा थोडा जास्त लागला. पण एकीत पाणी शिरले तरी दुसरीवर किनारा गाठता येईल.

मित्रहो, आपण पुस्तकात घसाऱ्याची उदाहरणे सोडवतो तेव्हा यंत्राचे आयुष्य दिलेलेच असते. प्रत्यक्षात ते कोणी देत नाही. ते तळाच्या तोटीवर, फिल्टरच्या भांड्यावर आणि रोज सकाळी तेथे वाकून पाहणाऱ्या खलाशावर अवलंबून असते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी होडी, पंप किंवा जनरेटर आहे त्यांनी या सुट्टीत एकदा टाकीचा तळ पाहावा आणि त्याचा हिशेब वहीत मांडावा, एवढीच विनंती.