लॉगिन होत नाही, म्हणजे नेमकं काय?

१६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी सीबीबीएस ही बुलेटिन बोर्ड सिस्टीम सुरू केली. फोनची लाइन एकच, म्हणून एका वेळी एकालाच प्रवेश. बाकीच्यांना लाइन एंगेज!

आजही हौशी मंडळी असे बोर्ड चालवतात. फोनऐवजी इंटरनेटवरून, टेलनेटने. मुलं तिथे गेली की हाक येतेच, "सर, लॉगिनच होत नाही!" लगेच उत्तर सांगू नका. आधी विचारा, "कुठे अडलं?"

१. जोडणी: स्क्रीनवर काहीच आलं नाही? मग पासवर्डचा दोष नाही. पत्ता आणि पोर्ट तपासा. टेलनेटचा ठरलेला पोर्ट २३, पण काही बोर्ड वेगळा ठेवतात.

२. अक्षरं: विचित्र खुणा दिसतात? टर्मिनलच्या सेटिंगमध्ये सीपी ४३७ निवडून बघा.

३. ओळख: पासवर्ड चालत नाही? कॅप्स लॉक बघा, कीबोर्ड मराठीवर तर नाही ना तेही बघा. बॅकस्पेसने चुकलेलं अक्षर खरंच पुसलं जातंय का, हे नावाच्या रकान्यात करून बघा. तरीही जमलं नाही, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता बोर्ड चालवणाऱ्याला विचारा.

एक मात्र बजावून सांगा: टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो, वाटेत कोणीही वाचू शकतो. ईमेलचा पासवर्ड इथे अजिबात नको. एसएसएचची सोय असेल तर तीच वापरा.

बल्ब लागला नाही की आपण सेल, वायर, बल्ब एकेक करून तपासायला शिकवतो. इथेही तेच. एका वेळी एकच बदल!