भाकरी का फुगते?

नगर-सोलापूर रस्त्यावर कर्जत तालुक्यात मिरजगाव लागते. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे.) हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस बेताचा, पण काळी जमीन ओल धरून ठेवते आणि तिच्या बळावर हिवाळ्यात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभी राहते. विद्यार्थिमित्रांनो, या शाळवाच्या भाकरीकडे आज आपण जरा प्रयोगशाळेतल्या नजरेने पाहू. तवा हेच आपले उपकरण!

आधी एक प्रयोग करा. गव्हाच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा वीस मिनिटे झाकून ठेवा आणि मग वाडगाभर पाण्यात हलक्या हाताने चोळत धुवा. पाणी पांढरे होईल. ते कणकेतले पिष्ट. हातात चिवट, रबरासारखा एक पदार्थ उरेल. तो म्हणजे ग्लुटेन, गव्हातल्या प्रथिनांचे जाळे. आता ज्वारीच्या पिठाचा गोळा तसाच धुऊन पाहा. हातात काहीच उरत नाही! ज्वारीत प्रथिने असतात, पण त्यांचे असे ताणले जाणारे जाळे होत नाही. म्हणून पोळी लाटता येते आणि भाकरी मात्र थापावी लागते.

मग भाकरीला धरून ठेवते कोण? पिष्टच. थंड पाण्यात पिष्टाचे कण नुसते तळाशी बसतात. पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की हे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. खळ अशीच होते. आई पिठात आधणाचे पाणी घालते ते याचसाठी. एक उंडा थंड पाण्यात आणि दुसरा उकळत्या पाण्यात मळून दोन्ही थापून पाहा. (गरम पीठ आधी चमच्याने कालवा.) थंड पाण्यातल्या भाकरीच्या कडा चिरतील. सांगायला हरकत नाही, प्रस्तुत लेखकाची पहिली भाकरी तव्यापर्यंत पोचलीच नाही. परातीतच तिचे तीन तुकडे झाले. पीठ जुने होते. जुन्या पिठाची ‘विरी जाते’ असे बायका म्हणतात, आणि अशा पिठाला आधणाचे पाणी लागतेच लागते.

आता तव्याकडे वळू. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी टाकतात आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवतात. हे पाणी कोरडे पीठ धुऊन नेते. शिवाय पाणी आहे तोवर त्या बाजूचे तापमान १०० अंशांवर जात नाही. तेवढ्या वेळात तिथले पिष्ट फुगून त्याचा सलग, बिनछिद्राचा थर होतो. पाणी फिरवायला उशीर झाला की पृष्ठभाग सुकून तडकतो. पाणी जिरत आले की भाकरी उलटतात आणि शेवटी जाळावर किंवा आरावर धरतात. दोन्ही बाजूंचे थर आता घट्ट झालेले असतात, पण मध्ये ओल असते. १ घन सेंटिमीटर पाण्याची सुमारे १७०० घन सेंटिमीटर वाफ होते! तिला वाट मिळत नाही. ती पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते. मुद्दाम एका भाकरीला सुईने चार-पाच भोके पाडून पाहा. पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी ती बसूनच राहील.

भट्टीवाचून तव्यावर भाजण्याची रीत इतरत्रही आहे. ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्समध्ये मैदा, लोणी, साखर, अंडे आणि बारीक मनुका यांच्या जाड टिकल्या जड लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजतात. पूर्वी तव्याच्या जागी दगड असे. त्यांच्या भाषेतल्या नावाचा अर्थच ‘दगडावरच्या वड्या’ असा आहे. गंमत अशी, की तिथे मैद्यात ग्लुटेन असूनही ते जमू द्यायचे नसते. लोणी पिठाच्या कणांना वेढून टाकते, जाळे तुटक राहते आणि वडी खुसखुशीत होते. शंकरपाळ्यांत आपण मोहन घालतो ते याच कारणासाठी. त्या वड्या भाकरीसारख्या फुगत नाहीत, फुगायच्याही नसतात.

प्रयोग मोठ्या माणसांच्या देखत करा, आणि फुगलेली भाकरी लगेच बोटाने फोडू नका. १ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती तुमच्या बोटावरच पडेल. भाकरी आधी उलथन्याच्या टोकाने, तोंड बाजूला ठेवून, टोचा.