ताई, दिवसभरात पाणी किती पिता?

लघवीला जळजळ होते म्हणून एखादी अंगणवाडी सेविका दवाखान्यात आली, की औषध लिहून देण्याआधी मी तिला दोन गोष्टी विचारते. दिवसभरात पाणी किती पिता? आणि लघवीला किती वेळा जाता? पहिल्या प्रश्नाला बहुतेक जणी ‘पिते की’ म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला जरा थांबतात. मग हळूहळू कळतं, की सकाळी घरून निघताना एकदा आणि नंतर थेट दुपारी घरी परतल्यावर. मधल्या वेळात पाणी मुद्दाम टाळलेलं असतं. कारण अंगणवाडीतलं शौचालय एक तर कुलूपबंद असतं, नाहीतर त्यात तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचं भांडं बसवलेलं असतं, नाहीतर तिथे पाणीच नसतं.

लहान मुलांच्या आरोग्यावर लिहायला घेतलं आणि सुरुवात ताईंपासून केली, ती विचारपूर्वक. अंगणवाडीची कल्पना आपल्या मातीतली. 1945 साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि शाळेपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांच्या अंगणातच बालशिक्षण नेलं. पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर अंगणवाड्या उभ्या राहत गेल्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, मोठ्या दवाखान्यात पाठवणं, पोषण आणि आरोग्याचं शिक्षण, शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिथून मिळतात. या साऱ्या सेवा मुलांसाठी आणि मातांसाठी आहेत आणि त्या पोहोचतात सेविका आणि मदतनीस या दोघींच्या हातून. त्या दोघींची तब्येत कोणी पाहायची, हे मात्र कुणाच्याच कामात नीट बसलेलं दिसत नाही.

तर आधी लघवीच्या जळजळीबद्दल. बाईच्या शरीरात मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. दर दोन-तीन तासांनी लघवी झाली तर ते वाहून जातात. तासन् तास रोखून धरली तर तिथेच वाढतात. म्हणून दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त आणि दर तीन तासांनी लघवी, एवढं पाळा. लघवीचा रंग फिकट राहिला म्हणजे पाणी पुरेसं होतंय असं समजायला हरकत नाही. जळजळ सुरू झाली तर लघवीची तपासणी करा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी त्रास दबतो आणि जंतू चिवट होतात. थंडी वाजून ताप आला आणि कमरेच्या वर एका बाजूला दुखू लागलं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर ताईंनी तर साध्या जळजळीलाही थांबू नये.

पण शौचालयच नसेल तर माझा सल्ला काय कामाचा? इथे मला गावातल्या वाचकांशी बोलायचं आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून एवढंच विचारा, की आपल्या अंगणवाडीत मोठ्या बाईला वापरता येईल असं, आतून कडी लागणारं आणि पाणी असलेलं शौचालय आहे का? ते होईपर्यंत शेजारच्या एखाद्या घराने आपलं दार उघडं ठेवलं तर ताईंच्या तब्येतीवर त्याचा मोठा उपकार होईल.

दुसरी तक्रार आवाजाची. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या एका खोलीत पंचवीस-तीस मुलं, त्यात बडबडगीतं, अभिनयगीतं, दोन भांडणं आणि एक रडणं. ताई या सगळ्याच्या वर आवाज काढत राहतात. स्वरतंतू रोज असे ताणले की त्यांवर सूज येते, पुढे लहान गाठीही होतात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी दुखऱ्या घशाला बरं वाटतं, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही, हे लक्षात ठेवा. त्यांना आराम हवा असतो आणि ओलावा हवा असतो. मुलांना गोळा करायला टाळी, खंजिरी किंवा छोटी घंटा वापरा. दूरच्या मुलाला हाक मारण्याऐवजी त्याच्याजवळ जाऊन बोला. सतत खाकरू नका. आणि घसा बसलेला असताना कुजबुजण्यानेही ताणच पडतो, तेव्हा बोलणंच कमी करा. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा घसा दाखवाच. पाठीचं म्हणाल, तर मूल उचलताना कमरेतून वाकू नका. गुडघ्यात वाका, मूल छातीशी धरा आणि मग उठा. आहाराची पोती दोघींनी मिळून हलवा. दिवसभर मांडी घालून बसण्यापेक्षा एक बुटकं स्टूल जवळ ठेवा.

आता मुलांकडे येऊ. पावसाळा सुरू झाला की आठवडाभरात माझ्याकडे एकाच अंगणवाडीतली मुलं रांगेने येऊ लागतात. आधी सर्दी-ताप, मग डोळे येणं, मग जुलाब. तीन ते सहा वर्षांचं मूल हात तोंडात घालणार, एकाच्या तोंडातलं खेळणं दुसरं घेणार, हे त्याचं वयच आहे. त्याला ओरडून काही होत नाही. मोठ्यांच्या हातात असलेल्या दोन-तीन गोष्टी मात्र खूप काम करतात. जेवणाआधी एका बादलीत सगळ्यांचे हात बुडवून घेण्याची पद्धत मी अजून पाहते. ती आजच बंद करा. तसं केल्याने एकाच्या हातावरचं सगळ्यांच्या हातावर जातं. वाहतं पाणी हवं, मग ते नळाच्या कॅनचं असो की तांब्याने घातलेलं असो. साबण जाळीच्या पिशवीत बांधून टांगला तर तो मातीत पडत नाही. वीस सेकंद चोळणं म्हणजे एक छोटं गाणं म्हणेपर्यंत चोळणं, आणि ताईंना अशी गाणी माझ्यापेक्षा जास्त येतात. नाक पुसायला सगळ्यांचा मिळून एकच नॅपकिन नको. प्रत्येक मुलाच्या कपड्याला पिनने एक जुन्या सुती साडीचा तुकडा लावून द्या, तो रोज घरी धुतला जाईल.

आजारी मुलाला अंगणवाडीत कधी पाठवू नये, हे आई-बाबा मला नेहमी विचारतात. नुसती सर्दी असेल आणि मूल खेळत असेल तर पाठवायला हरकत नाही. ताप असेल तर औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप न आल्यावरच पाठवा. जुलाब-उलट्या थांबून दोन दिवस जाऊ द्या. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच हवं. तोंडात, तळहातांवर आणि तळपायांवर फोड येणारा जो ताप हल्ली पावसाळ्यात येतो, तो सहसा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. ताप उतरून फोड सुकले की मूल परत येऊ शकतं, पण त्याच्या शौचातून विषाणू काही आठवडे जात राहतो, म्हणून शी धुतल्यावर हात साबणाने धुण्यात हयगय नको. खरूज झाली तर मलम एकट्या मुलाला लावून उपयोग होत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आणि कपडे-अंथरूण गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात घालायचं.

ज्या आईची दिवसाची मजुरी बुडते, तिला ‘मूल घरी ठेवा’ म्हणणं सोपं नसतं, हे मी जाणते. आजारी मूल घेऊन दारात उभ्या राहिलेल्या आईला कृपा करून रागावू नका. वस्तीतल्या दोन-तीन आज्यांशी आधीच बोलून ठेवलं, तर अशा दिवशी मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न सुटतो. अगदीच इलाज नसेल तर खोलीच्या खिडकीजवळ वेगळी सतरंजी टाका.

गरोदर असलेल्या किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या ताईंसाठी एक वेगळी सूचना. कांजिण्या आणि रुबेला हे मुलांमध्ये बहुधा सौम्य असणारे आजार गरोदरपणात पोटातल्या बाळाला इजा करू शकतात. आपल्याला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, रुबेलाची लस मिळाली होती का, हे गर्भधारणेआधीच विचारून घ्या. या दोन्ही लसी गरोदरपणात देता येत नाहीत आणि लस घेतल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. गरोदर असताना अंगावर पुरळ असलेल्या मुलाशी संपर्क आला, तर स्वतःला पुरळ येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरणारे काही विषाणूही आहेत. नाक पुसल्यावर, चड्डी बदलल्यावर हात धुवा आणि मुलाच्या उष्ट्या चमच्याने खाऊ नका.

आजारपणाचा हिशेब ताप उतरला की संपत नाही. आठवडाभर जुलाब झालेलं मूल वजनात मागे पडतं आणि वाढीची रेघ खाली वळते. जुलाबात क्षारसंजीवनीचं पाकीट एक लिटर पाण्यात, सोबत 14 दिवस झिंक, आणि जेवण अजिबात बंद करायचं नाही. बरं झाल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. डाळभातावर तेल किंवा तूप घाला, अंडं चालत असेल तर अंडं द्या, शेंगदाण्याचा कूट द्या. दंडाच्या घेराची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असते. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर ते तीव्र कुपोषण आहे, त्या मुलाला लगेच आरोग्य केंद्रात न्या. खोकला असलेलं मूल शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला शिका. एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 किंवा त्याहून जास्त श्वास, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, ही न्यूमोनियाची खूण आहे. मूल पाणीही पिईना, सारखं उलटतंय, झटका आला किंवा गुंगीत आहे, असं दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका.

हे सगळं पाहायला ताईंचं लक्ष मुलांवर असावं लागतं, आणि त्यांच्या वेळेचा मोठा भाग मोबाइलमध्ये जातो. पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी, फोटो, न येणारा ओटीपी, त्यातच सर्वेक्षणं आणि मतदार यादीची कामं. थकलेलं, धास्तावलेलं माणूस लहान मुलांशी कमी बोलतं, कमी हसतं, लवकर चिडतं. मुलांची भाषा आणि मन तर मोठ्यांच्या बोलण्या-हसण्यावरच वाढतं. म्हणून ताईंची झोप हा माझ्या दृष्टीने बालआरोग्याचा प्रश्न आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, कारण नसताना रडू येत असेल, तर ‘कामाचा ताण आहे’ म्हणून सोडून देऊ नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पर्यवेक्षिकांना माझी विनंती आहे, की रात्रीच्या जेवणाच्या वेळी मोबाइलवरच्या गटात माहिती मागवू नका.

शेवटी रक्ताबद्दल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 69 टक्के आणि 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी सुमारे 54 टक्के रक्तक्षयी आढळल्या. लोहाची गरज मुलांना आणि ताईंना, दोघांनाही आहे. मुलांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी 1 मिलिलिटर, काही खाल्ल्यावर द्यायचं. शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आईला आधीच सांगा. ताप असताना देऊ नका, आणि ज्या मुलाला वारंवार रक्त चढवावं लागतं त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जंतांची गोळी वर्षातून दोनदा असते, ती चुकवू नका.

इतरांना लोहाच्या गोळ्या घ्यायला सांगणाऱ्या ताई स्वतः कधी घेतात? मी विचारते तेव्हा उत्तर बहुधा नकारार्थी असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांच्या तपासणीला वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्याच आठवड्यात सेविका आणि मदतनीस दोघींनी आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात) जाऊन हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, असा नियमच करून टाका. तिशीनंतरच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची प्राथमिक तपासणीही तिथे मोफत होते. हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या रोज, निदान तीन महिने घ्याव्या लागतील. त्या जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा मात्र आधी-नंतर तासभर टाळा. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही सांगा, नाहीतर एका बाजूने भरलेलं दुसऱ्या बाजूने जात राहील. एका महिन्याने पुन्हा तपासा. आकडा वाढला नसेल किंवा मुळातच 8 च्या खाली असेल, तर गोळ्यांवर थांबू नका, ग्रामीण रुग्णालयात दाखवा. आणि त्या दिवशी अंगणवाडी कोण सांभाळेल, ते पर्यवेक्षिकेशी आदल्या दिवशीच ठरवून घ्या.