आवारातील घूस आणि तिचा बंदोबस्त

डोंगर पोखरून उंदीर काढणे ही म्हण आपल्या वाचकांपैकी प्रत्येकाने ऐकलेली असेल. परंतु उंदरानेच डोंगर पोखरला तर काय होते, हे आम्हांस गेल्या पावसाळ्यात कळले. शाळेच्या पिछाडीस, वसतिगृहाच्या कोठीघरालगत, दगडी कुंपणाची भिंत आहे. आषाढातील एका रात्री मोठा पाऊस झाला आणि सकाळी पाहतो तो भिंतीचा आठ-दहा हातांचा भाग गुडघाभर खचलेला. दगड निसटले नव्हते, चुनाही फुटला नव्हता. भिंतीखालची जमीनच नाहीशी झाली होती. गवंड्याने पहार घालून माती उकरली तेव्हा खाली मनगट सहज जाईल अशी भुयारे निघाली. एका पोकळीत ज्वारीची अर्धवट कुरतडलेली कणसे व कोठीघरातील पोत्यांच्या सुतळ्या, तर दुसरीत आमच्या एका विद्यार्थ्याच्या हरवलेल्या मोज्याचे मऊ अंथरूण सापडले. मोज्याचा मालक ओळख पटविण्यास हजर होता.

हा सारा घुशीचा उद्योग. त्या दिवसापासून आम्ही शिक्षक व वसतिगृहातील मुले मिळून तिच्या मागे लागलो. त्या कामात जे शिकलो, जे चुकलो व जे पुस्तकांतून पडताळून पाहिले, ते येथे देत आहो. कारण ही पीडा शाळेपुरती नसून आपल्यापैकी बहुतेकांच्या परसात ती आहेच.

प्रथम शत्रूची ओळख करून घ्यावी. घूस ही उंदराच्याच कुळातील, पण अंगाने थोराड. शेपटीसकट तिची लांबी दोन फुटांपर्यंत भरते व पूर्ण वाढलेल्या घुशीचे वजन एक किलोच्या आसपास जाते. अंगावर राठ, काळसर केस असतात आणि कोंडीत सापडली म्हणजे ती पाठीवरचे केस फुलवून डुकरासारखी गुरगुरते. तेलुगू भाषेत तिला ‘पंदिकोक्कु’ म्हणजे ‘डुक्कर-उंदीर’ म्हणतात. इंग्रजांनी तोच शब्द उचलून ‘बँडिकूट’ केला व पुढे ऑस्ट्रेलियातील एका निराळ्याच, पोटास पिशवी असलेल्या प्राण्यास तेच नाव देऊन टाकले. तिची एक धाकटी बहीण आहे. ती शेताच्या बांधात व धान्याच्या वखारीत राहते, आकाराने मोठ्या उंदराएवढी असते. पण बीळ खोदण्यात आणि धान्य साठविण्यात थोरलीहूनही तरबेज असते. भात, गहू व ऊस यांची ती मोठी वैरीण होय.

या सर्वांची हत्यारे म्हणजे पुढचे दात. ते जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या पुढच्या बाजूसच कठीण कवच असते, मागची बाजू मऊ. त्यामुळे मागचा भाग लवकर झिजतो व पुढची धार पटाशीसारखी आपोआप लागत राहते. कुरतडणे ही त्यांची खोडी नव्हे, गरज आहे. कुरतडले नाही तर दात वाढून प्राणी उपाशी मरेल.

येथे एका निरपराध जीवाची बाजू मांडणे आम्हांस अवश्य वाटते. चिचुंद्री ही उंदीर नव्हे. तिचे तोंड लांब व निमुळते, डोळे बारीक, आणि अंगाला उग्र दर्प येतो. ती मुख्यत्वे किडे, झुरळे खाते. घरोघर तिला उंदीर समजून झाडूने मारतात, तो अन्याय आहे.

घुशीची वस्ती कशी ओळखावी? बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो. बीळ फार खोल नसते, पण लांब व फाटे फुटलेले असते. एखादी खोली पिलांची, एखादी धान्याची, आणि एक-दोन वाटा अशा की ज्यांच्या तोंडावर मातीचा पातळ पडदा ठेवलेला असतो. बाहेरून त्या दिसत नाहीत. संकट आले म्हणजे डोक्याने पडदा फोडून घूस पळते. म्हणूनच आपण एका तोंडाशी काठी घेऊन बसलो तर ती भलतीकडून निघून जाते. आमच्या मुलांनी हा अनुभव तीनदा घेतला, तेव्हा कोठे त्यांची खात्री पटली.

कोणती बिळे चालू आहेत व कोणती सोडून दिलेली आहेत हे कळल्यावाचून पुढचा कोणताही उपाय व्यर्थ होय. त्याची युक्ती सोपी आहे. संध्याकाळी आवारातील सर्व तोंडे ओल्या मातीने बुजवावी व प्रत्येकाजवळ एक खुंटी ठोकावी. सकाळी जी उघडलेली दिसतील तेवढीच वस्तीची. आम्ही यासाठी एक वही ठेविली आहे. तीत आवाराचा नकाशा काढून रोज सकाळी दोन मुले खुणा करतात. गणितात मागे असलेला एक विद्यार्थी या वहीत इतका रमला की प्रमाण व शेकडेवारी तो तेथेच शिकला.

आता आमची चूक सांगावयाची. भिंत खचल्याचा राग मनात होता. म्हणून आम्ही सर्वांत आधी विष आणले. ज्या विषाने रक्त गोठेनासे होते त्या जातीच्या वड्या होत्या. या विषाची कथा मोठी विलक्षण आहे. 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात व कॅनडात गुरे अंगात रक्तस्राव होऊन मरू लागली. ती गुरे बुरशी आलेले एक प्रकारचे गवत खात होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या गवतातील घातक द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि त्याच धर्तीवर बनविलेले वॉरफरिन 1948 साली उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. पुढे तेच द्रव्य अल्प मात्रेत, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून, माणसांस औषध म्हणून देऊ लागले. त्याच तत्त्वावरील अधिक तीव्र विषे आज मिळतात. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो हळूहळू मंद होत हिंडत राहतो.

तेथेच आमचा घात झाला. घंटाघराच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची एक जोडी कित्येक वर्षे राहत असे. वड्या ठेवल्यानंतर सुमारे दहा दिवसांनी त्यांपैकी एक घुबड निंबाच्या झाडाखाली मरून पडलेले दिसले. त्याच्या अंगावर जखम नव्हती. विषबाधेनेच ते मेले हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. परंतु मंद झालेले, सहज सापडणारे उंदीर त्याने खाल्ले असणार, याविषयी आमच्या मनात संशय राहिला नाही. रात्रभर फुकट राखण करणारा चौकीदार आम्हीच मारला. दुसरी गोष्ट याहून भयंकर घडली असती. स्वयंपाकीणबाईंची तीन वर्षांची मुलगी एक वडी हातात घेऊन स्वयंपाकघरात आली व ‘आई, खाऊ’ म्हणाली. वडी तोंडात गेली नव्हती. त्याच सायंकाळी आम्ही सर्व विष गोळा केले. पुढे कित्येक दिवस त्या बाईंच्या डोळ्यास डोळा भिडविणे आम्हांस जड गेले.

पालकांस आमची कळकळीची विनंती आहे की, ही विषे मुलांच्या हाती कधीही देऊ नयेत. काळसर भुकटीचे जे जुने विष, झिंक फॉस्फाईड, त्यास लसणासारखा वास येतो. पोटातील आम्लाशी संयोग होताच त्यापासून विषारी वायू निर्माण होतो आणि त्यावर उतारा नाही. शिवाय उंदीर चाणाक्ष असतो. थोडे खाऊन जो आजारी पडला व वाचला, तो त्या आमिषास पुन्हा तोंड लावीत नाही. धान्याच्या वखारीत वापरतात त्या विषारी धुराच्या गोळ्या तर घराच्या आसपास नकोतच. त्यांचा वायू बिळातून, भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत शिरतो; झोपलेली माणसे त्याने दगावल्याची उदाहरणे आहेत. ते काम परवाना असलेल्या जाणत्या माणसाचेच.

बिळात पाणी सोडणे हा उपाय पुष्कळ लोक करतात. शेताच्या बांधावर तो कदाचित चालेल. घराच्या पायाशी मात्र घूस जेवढी माती काढीत नाही तेवढी ते पाणी वाहून नेते. मिरचीची धुरी देऊन आम्ही पाहिली. घुशीपेक्षा आम्हीच अधिक खोकलो.

मग उपाय कोणता? पहिला उपाय, तिचे जेवण बंद करणे. वसतिगृहात दोन वेळा पंगती उठतात. उष्टे-खरकटे उकिरड्यावर उघडे पडत असे. त्यास आता झाकणाचा पत्र्याचा डबा केला. कोठीघरातील पोती जमिनीवर असत, ती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांच्या मंचकावर ठेविली, म्हणजे मागे काय चालले आहे ते दिसते. दाराच्या तळाशी पत्रा ठोकला. दाराखाली पाव इंचाहून अधिक फट ठेवू नये. लहान उंदरास तेवढीही पुष्कळ होते. मोरीच्या तोंडास लोखंडी जाळी बसविली. जुनी कौले, विटा व सरपण यांचे ढीग भिंतीला लागून होते, ते हलविले. या ढिगांच्या आड घूस जितकी निर्भय असते तितकी ती दुसरीकडे कोठेही नसते. ढीग हलवून झाले त्या आठवड्यातच वहीतील खुणा निम्म्यावर आल्या. विष घालूनही तितका फरक पडला नव्हता.

दुसरा उपाय पिंजऱ्याचा. यात बहुतेकांची एक चूक होते. पिंजरा आणला की त्याच रात्री लावतात आणि सकाळी रिकामा पाहून निराश होतात. घूस व उंदीर नव्या वस्तूस भितात. रोजच्या वाटेवर काही नवीन दिसले की ती वाट काही दिवस टाळतात. म्हणून पिंजरा भिंतीच्या कडेने, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, दार उघडे बांधून तीन-चार रात्री तसाच ठेवावा व आत रोज सुका जवळा किंवा तेलाचे बोट लावलेला भाकरीचा तुकडा टाकावा. ती निर्धास्त खाऊ लागली म्हणजे मग कळ लावावी. सापडलेली घूस दूर नेऊन सोडणे म्हणजे आपली पीडा शेजाऱ्याच्या दारात टाकणे होय. तिची व्यवस्था मोठ्या माणसांनी करावी; मुलांनी पिंजऱ्यास उघडा हात लावू नये.

हा इशारा भित्रेपणाचा नव्हे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा उंदीर मरतात व मागून माणसे मरतात एवढे लोकांस दिसत होते. दुवा सापडत नव्हता. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी काचेच्या बरणीत रोगी उंदीर व जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवून दाखवून दिले की, दोघांचा स्पर्श न होताही पिसवा रोग नेतात. मेलेल्या उंदराचे अंग थंड झाले की पिसवा त्यास सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. म्हणून मेलेला उंदीर हाताने उचलू नये. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. 1994 साली आपल्याच बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर मरू लागले व पाठोपाठ गाठीचा ताप आला. त्याखेरीज उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेवाटे अंगात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने अनेकांचे प्राण घेतले. पावसाळ्यात आवारातील डबक्यातून अनवाणी न फिरण्याचा नियम याचसाठी आहे.

तिसरा उपाय बिळे बुजविण्याचा. तो शेवटी करावा. घूस आत असता बुजविले तर ती रातोरात दुसरी वाट काढते. बीळ शक्य तेवढे खणून, आत काचेचे तुकडे व खडी भरून वर सिमेंटचा गिलावा करावा. भिंत नव्याने उभारताना गवंड्याने आमच्या सांगण्यावरून पायाशी एक जाळी पुरली. ही युक्ती आम्ही अमेरिकेकडून उसनी घेतली. तिकडे ग्राउंडहॉग नावाचा, खारीच्या कुळातील एक गुबगुबीत प्राणी परसातील भाजीपाला फस्त करतो व कोठारांखाली बिळे करतो. पेनसिल्व्हेनियातील पंक्सटॉनी गावी दर 2 फेब्रुवारीस त्याला बाहेर काढून, हिवाळा अजून किती उरला याचे भविष्य विचारतात. आणि इतर दिवशी तेच लोक त्याच्यापासून वाफे कसे वाचवावे या विवंचनेत असतात! तेथील रीत अशी : मजबूत तारेची जाळी जमिनीत फूटभर खोल उभी पुरावयाची व तिचा खालचा भाग बाहेरच्या बाजूस आडवा वळवावयाचा. खोदणारा प्राणी भिंतीला चिकटून खाली जातो, आडव्या जाळीवर थडकतो आणि मागे सरून दुरून खोदावे हे त्यास सुचत नाही. घुशीसाठी जाळीची घरे अर्ध्या इंचाहून मोठी नसावी.

कोकणातील कातकरी बांधवांचे या विषयातील ज्ञान आमच्या पुस्तकांहून जुने आहे. ते शेताच्या बांधातील बिळे खणून उंदीर पकडतात, खातात व आत साठलेले भातही काढून घेतात. विष नाही, धूर नाही, आणि शेतकऱ्याचेही काम होते. आमच्या काही विद्यार्थ्यांनी हे ऐकून नाके मुरडली. त्यांना आम्ही एवढेच विचारले की, कोंबडी कोठे चोच घालते हे त्यांनी कधी पाहिले आहे काय?

घंटाघरातील उरलेले घुबड महिनाभर दिसले नाही. माळ्याची खिडकी आम्ही मुद्दाम उघडी ठेविली आणि खाली दिवा लावणे बंद केले. मार्गशीर्षात एका पहाटे प्रार्थनेची घंटा देणाऱ्या मुलाने घोगरा चीत्कार ऐकला व तो धावत सांगण्यास आला. एक आहे की दोन, हे अद्याप कळले नाही. वहीत मात्र काल सकाळी तीनच तोंडे उघडी नोंदली गेली आहेत. तिन्ही स्वयंपाकघरामागील सरपणाच्या ढिगाखाली. तो ढीग हलविण्यासाठी येत्या शनिवारी दुपारी इयत्ता आठवीच्या मुलांनी पायांत बूट घालून यावे.